वाचकांचे प्रश्न : झाडं किती आणि जाती किती?

वनस्पतींच्या वैविध्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडून एकच केला आहे. उत्तरांत ‘जात’ हा शब्द वनस्पतिशास्त्रातल्या अर्थाने आहे. जवळच्या जाती मिळून एक वंश होतो आणि जवळचे वंश मिळून एक कुल.

प्रश्न : आमच्या गटाने एका उजाड टेकडीवर काही हजार झाडं लावून जगवली. टेकडी आता हिरवीगार आहे. तरी पाहणीला आलेल्या अभ्यासकांनी ‘वैविध्य फारच कमी’ असा शेरा दिला. बहुतेक झाडं एकाच जातीची आहेत हे मान्य, पण इतर जातीही आहेत ना?

उत्तर : उजाड जागी झाडं जगवणं सोपं नसतं, त्यामुळे तुमची मेहनत वाया गेली असं मुळीच समजू नका. पण शेरा बरोबर आहे. वैविध्य मोजताना दोन गोष्टी पाहतात : जाती किती आहेत, आणि त्यांच्यात झाडांची वाटणी कशी झाली आहे. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात.

समजा, दोन जागा आहेत. दोन्हीकडे 100 झाडं आणि 4 जाती. पहिल्या जागी प्रत्येक जातीची 25 झाडं आहेत. दुसऱ्या जागी एका जातीची 97 आणि उरलेल्या तिघींचं एकेक. यादी केली तर दोन्ही जागा सारख्याच दिसतील. आता वैविध्य एका आकड्यात सांगणारा शॅनन निर्देशांक काढा. प्रत्येक जातीचा एकूण झाडांतला वाटा घ्या (25 झाडं असतील तर 0.25), त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगरिदमने गुणा, सगळ्या जातींची बेरीज करा आणि उणे चिन्ह काढून टाका. पहिल्या जागेचा निर्देशांक येतो 1.39, दुसऱ्या जागेचा जेमतेम 0.17.

नुसत्या या आकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून एक पायरी पुढे जा. कॅल्क्युलेटरवरच्या ‘ई’चा घात म्हणून हा आकडा टाका. पहिल्या जागेचं उत्तर 4 येतं, दुसऱ्या जागेचं 1.18. याचा अर्थ असा, की दुसऱ्या जागी कागदावर चार जाती असल्या तरी प्रत्यक्षात ती जागा एकाच जातीची असल्यासारखी वागते. तिथे येणाऱ्या कीटकाला, पक्ष्याला किंवा रोगाला जवळपास एकच झाड भेटतं.

तुमच्या टेकडीचा हा हिशेब एकदा करून पाहा. आणखी एक. तो फक्त झाडांपुरता ठेवू नका. झुडपं, वेली, गवतं, पावसाळी रोपटी यांची वेगळी मोजणी करा. बऱ्याच लागवडींत झाडांखाली काहीच उगवत नाही आणि खरी अडचण तिथेच असते.

प्रश्न : जाती मोजायच्या कशा? फिरत फिरत यादी करत गेलो तर दर वेळी वेगळी यादी होते.

उत्तर : होणारच. फिरताना नजर फुललेल्या आणि ओळखीच्या झाडांकडे जाते. म्हणून चौकट टाकून मोजतात. गवतं आणि लहान रोपट्यांसाठी 1 मीटर × 1 मीटर, झुडपांसाठी 5 × 5 मीटर, झाडांसाठी 10 × 10 मीटर हे प्रचलित माप आहे. चार खुंट्या, सुतळी आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागतं. सुतळी ताणल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे.

चौकट कुठे टाकायची हे मनाने ठरवू नका. डोळे मिटून दगड भिरकावण्याची पद्धतही फसवी आहे, कारण हात नकळत मोकळ्या जागेकडे वळतो. जागेच्या दोन कडांवर मोजपट्ट्या अंथरा, चिठ्ठ्या टाकून किंवा फोनवरून दोन यादृच्छिक आकडे काढा आणि ते जिथे मिळतात तिथेच चौकट टाका. मग ती काटेरी जाळीत आली तरी जागा बदलायची नाही.

ज्याचं मूळ चौकटीत आहे तेच रोप मोजायचं. नुसती फांदी आत आली असेल तर ते धरू नका. बरोबर रेषेवर उगवलेल्या रोपांसाठी आधीच नियम करा : डावी आणि खालची बाजू धरायची, उजवी आणि वरची सोडायची. हा नियम नसला की दोन माणसांची मोजणी कधीच जुळत नाही. गवताचं एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही, म्हणून गवतासाठी संख्येऐवजी चौकटीचा किती टक्के भाग झाकला आहे ते लिहा. झाडांच्या खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजा. उतारावर ही उंची चढाकडच्या बाजूने धरायची.

किती चौकटी टाकाव्यात? प्रत्येक चौकटीनंतर तोवर सापडलेल्या एकूण वेगळ्या जाती किती झाल्या याचा आलेख काढत जा. सुरुवातीला रेघ झपाझप चढते, मग आडवी होऊ लागते. सलग चार-पाच चौकटींत एखाददुसरीच नवी जात मिळू लागली की थांबायला हरकत नाही. ज्या जाती नजरेतून सुटल्या त्यांचाही अंदाज काढता येतो. फक्त एकच रोप सापडलं अशा जाती किती, आणि बरोबर दोन रोपं सापडली अशा किती, ते मोजा. पहिल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला दुसऱ्याच्या दुपटीने भागा आणि उत्तर सापडलेल्या जातींत मिळवा. उदाहरणार्थ, 34 जाती सापडल्या, त्यांतल्या 8 एकेकट्या आणि 4 दोन-दोन. 64 भागिले 8 म्हणजे 8, आणि 34 अधिक 8 म्हणजे 42. तिथे किमान 42 जाती असाव्यात. एकेकट्या जातींची संख्या जितकी मोठी, तितकी मोजणी अपुरी.

ओळख पटत नाही म्हणून जात सोडून देऊ नका. ‘अनोळखी 1’, ‘अनोळखी 2’ असे क्रमांक द्या आणि पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जुळतं ती जागा, फूल, फळ यांचे वेगवेगळे फोटो काढा. नमुना घ्यायचाच असेल तर आसपास त्याच जातीची किमान 20 रोपं दिसल्याशिवाय एकही उपटू नका. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवा. त्यातलं एक पान उलटं असू द्या, म्हणजे वाळल्यावरही खालची बाजू तपासता येते. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. इथे आळस केला की नमुना काळा पडतो आणि त्याला बुरशी येते. ठिकाण, तारीख, उंची आणि फुलाचा ताजा रंग त्याच दिवशी लिहा, कारण वाळल्यावर रंग कळत नाही. चिठ्ठी नसलेला नमुना निरुपयोगी असतो.

एकाच ऋतूत मोजून मोकळं होणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कित्येक वर्षायू रोपटी दीड-दोन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून नाहीशी होतात. त्याच चौकटी वर्षातून निदान दोन-तीनदा पाहा.

प्रश्न : झाडं ऑक्सिजन देतात म्हणून ती जपायची, हे मुलांना शिकवतो. त्यासाठी कुठलंही झाड चालेल ना?

उत्तर : ऑक्सिजनपुरतं पाहिलं तर चालेल, आणि म्हणूनच हा मुद्दा शिकवण्यासाठी कच्चा आहे. वाढ पूर्ण झालेलं जंगल दिवसा जितका ऑक्सिजन सोडतं, जवळपास तितकाच झाडांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्च होतो. हवेतला 21 टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांत साचलेला साठा आहे. जगातली सगळी झाडंझुडपं जाळली तरी त्या साठ्यातला एक टक्काही खर्च होणार नाही. शिवाय दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचा आणि जीवाणूंचा असतो.

मुलांना हे सांगा : पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांत मिळून सुमारे 550 अब्ज टन कार्बन आहे, आणि त्यातला 450 अब्ज टन वनस्पतींमध्ये आहे. जमिनीवरचा जवळजवळ प्रत्येक घास त्यातूनच येतो. झाडं मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे हवेत सोडतात, त्यातून ढग होतात. मुळं माती धरून ठेवतात. यातलं प्रत्येक काम वेगळी वनस्पती वेगळ्या पद्धतीने करते, त्यामुळे कुठली झाडं आहेत याला महत्त्व येतं.

प्रश्न : एकच काम दहा जाती करत असतील तर नऊ गेल्या म्हणून काय बिघडतं? हे नीट प्रयोग करून कोणी पाहिलं आहे का?

उत्तर : पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथे डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये 9 मीटर × 9 मीटरचे 168 वाफे आखले. कुठे 1 जात, कुठे 2, 4, 8, तर कुठे 16. कुठल्या जाती एकत्र यायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. जास्त जातींच्या वाफ्यांत जास्त गवत-पाला तयार झाला, आणि वर्षं गेली तसा हा फरक वाढत गेला. त्याआधी 1987-88 च्या दुष्काळात त्याच परिसरातल्या जुन्या वाफ्यांवर दिसलं होतं, की जास्त जातींचे वाफे कमी खचले आणि लवकर सावरले.

त्यावर एक रास्त आक्षेप आला. सोळा जाती लावल्या की त्यांत एखादी जोमदार जात असण्याची शक्यता वाढते, मग श्रेय वैविध्याला का द्यायचं? त्याचं उत्तर आकड्यांतच मिळालं. काही वर्षांनी बरेचसे मिश्र वाफे सगळ्यात जोमदार जातीच्या एकट्या वाफ्यापेक्षाही पुढे गेले. म्हणजे जाती एकमेकींना पूरक ठरत होत्या. झाडांवरचा मोठा प्रयोग आग्नेय चीनमध्ये झाला. तिथे आठ वर्षांनंतर 16 जातींच्या मिश्र लागवडीत साठलेला कार्बन एकाच जातीच्या सरासरी लागवडीच्या दुपटीहून अधिक भरला.

पूरक म्हणजे नेमकं काय, ते जमिनीखाली दिसतं. काही गवतांची मुळं वरच्या वीतभर मातीत जाळं करतात, तर काही झुडपांची सोटमुळं कित्येक मीटर खाली जातात. पाणी वाटून घेतलं जातं. शिंबावंतांच्या, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, कुलातल्या (यात सुमारे 20 हजार जाती आहेत) बहुतेक वनस्पती मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जीवाणू पाळतात आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. तो खरंच येतोय का हे तपासणं सोपं आहे. फुलोऱ्याच्या सुमाराला एक रोप खोदून काढा, उपटू नका, कारण उपटताना गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरट असेल तर अजून सुरू झालेलं नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर संपलं. गाठीच नसतील तर एक तर त्या मातीत योग्य जीवाणू नाहीत, किंवा नत्रखत इतकं आहे की रोपाला गाठींची गरजच वाटत नाही.

वर्षांगणिक फरक वाढण्याचं मोठं कारण म्हणजे मातीतले रोगकारक. एकाच जातीच्या जागी त्या जातीला खाणाऱ्या बुरश्या आणि कृमी साचत जातात. मिश्र जागी त्यांना पुढचं ओळखीचं मूळ सहजी सापडत नाही.

आता ‘नऊ गेल्या तर काय’ याकडे येऊ. साध्या वर्षी कदाचित फारसं बिघडणार नाही. पण दहाही जाती सारखंच काम करतात हे आपण साध्या वर्षी पाहून ठरवलेलं असतं. कडक कोरड्या वर्षात त्यांतली वेगळीच जात भार उचलते, अतिवृष्टीच्या वर्षात आणखी कोणी. काही जातींना तर पर्यायच नसतो. वड, पिंपळ, उंबर ज्या वंशातले, त्या फायकस वंशात 750 हून अधिक जाती आहेत. बहुतेक जातींचं परागण त्या-त्या जातीची ठरलेली, चिलटाएवढी गांधीलमाशीच करते. ती प्रौढ झाल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते, म्हणून परिसरात सतत कुठलं ना कुठलं त्या जातीचं झाड फळावर असावं लागतं. इतर फळं नसतात त्या दिवसांत कितीतरी पक्षी-प्राणी याच फळांवर तगतात. झाडं इतकी विरळ झाली की माशीला पुढचं झाड सापडेना, तर उरलेली झाडं उभी असली तरी त्यांचं बी धरणं बंद होतं.

प्रश्न : मिश्र लागवड करायची आहे. किती जाती, कुठल्या प्रमाणात, आणि कशा मांडायच्या?

उत्तर : प्रमाणासाठी एक सोपा ढोबळ नियम आहे, 10-20-30. कुठलीही एक जात 10 टक्क्यांपेक्षा, एक वंश 20 टक्क्यांपेक्षा आणि एक कुल 30 टक्क्यांपेक्षा जास्त नको. फ्रँक सँटामोर या अमेरिकी संशोधकाने तो 1990 मध्ये शहरी झाडांसाठी मांडला. त्यामागे कडू अनुभव होता. अमेरिकेतल्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल एल्मची झाडं होती. 1930 नंतर एल्मवरच्या बुरशीने ती साफ केली. त्यांच्या जागी अनेक शहरांनी पुन्हा एकाच वंशाची, अ‍ॅशची, झाडं लावली. 2002 मध्ये अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा तिथे सापडला आणि तीही कोट्यवधींनी मेली. रानातल्या चेस्टनटची गत याहून वाईट झाली. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या एका बुरशीने अर्ध्या शतकात तीनशे ते चारशे कोटी झाडं मारली. त्या जंगलांत इतर जाती होत्या म्हणून निदान जंगल उरलं.

10-20-30 ही वरची मर्यादा समजा. रानासारखी लागवड हवी असेल तर 20-30 जाती घ्या, आणि त्यांत मोठी झाडं, मध्यम झाडं, झुडपं, वेली असे सगळे थर येऊ द्या. आसपास नैसर्गिक रान शिल्लक असेल तर तिथली यादी हीच तुमची यादी.

मांडणीत नेहमी होणारी चूक म्हणजे एकाआड एक वेगळी जात. दिसायला ते आदर्श वाटतं, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी झपाट्याने वाढणारी झाडं हळू वाढणाऱ्यांना सावलीत गुदमरवतात, आणि अखेर दोन-चार जातीच उरतात. त्याऐवजी हळू वाढणाऱ्या जातीची 9 ते 25 रोपं एकत्र, छोट्या गटात लावा. कडेची काही मेली तरी मधली टिकतात. सावली मानवणाऱ्या जाती पहिल्या वर्षी लावूच नका. बाकीच्यांची सावली धरू लागली की मग आणा.

बी एकाच भरदार झाडावरून गोळा केलं तर सगळी रोपं भावंडं निघतात. जातींची यादी लांब दिसते, पण प्रत्येक जातीच्या आतलं वैविध्य शून्याजवळ राहतं. एकमेकांपासून लांब असलेल्या किमान 25-30 झाडांवरून थोडं थोडं बी घ्या, सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं पडणारंही. रोपवाटिकेतून रोपं घेणार असाल तर हाच प्रश्न तिथे विचारा.

लावताना पिशवीतल्या मातीला वेटोळी घातलेली मुळं दिसली तर ती धारदार पात्याने उभी कापा. तशीच लावली तर काही वर्षांनी ती मुळंच खोडाला आवळतात. खोड आणि मूळ जुळतं ती जागा जमिनीच्या पातळीला हवी, त्याखाली नको. पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 8 सेंटिमीटर जाड द्या, पण खोडापासून मूठभर अंतर मोकळं सोडा, नाहीतर साल कुजते.

मातीतल्या बुरशीबद्दल थोडं बारकाईने सांगायला हवं. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा बुरशीची भागीदारी असते. झाड साखर देतं, बुरशी फॉस्फरस आणि पाणी आणून देते. उजाड मातीत ही बुरशी नसते, म्हणून रोपं जगतात पण वाढत नाहीत. उपाय सोपा आहे : जुन्या निरोगी रानातली ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका. पण ज्या जातीचं रोप, त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची माती शक्यतो घेऊ नका. तिथे त्या जातीचे रोगकारकही साचलेले असतात. (डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल यांनी 1970-71 मध्ये सुचवलं, की मातेच्या पायाशी पडलेलं बी असं मरतं म्हणूनच उष्ण प्रदेशातल्या रानांत कुठलीही एक जात सगळी जागा बळकावत नाही.) मिश्र रानातली, वेगवेगळ्या झाडांखालची माती बरी. अपवाद पाइनसारख्या झाडांचा. त्यांची बुरशी वेगळ्या गटातली असते आणि त्यांना ती आपल्याच जातभाईंच्या मातीतून लागते.

प्रश्न : आमच्याकडे मोठं नैसर्गिक गवताळ माळरान आहे. तिथे झाडं लावून वैविध्य वाढवावं का?

उत्तर : नको. कळकळीची विनंती आहे, नको. रिकामा दिसणारा माळ रिकामा नसतो. एका चौरस मीटरमध्ये सापडलेल्या जातींचा जगातला विक्रम रानाच्या नावावर नाही, अर्जेंटिनातल्या डोंगराळ गवताळ भागाच्या नावावर आहे : 89 जाती. हेक्टरभर जागा धरली तर मात्र इक्वाडोरचं वर्षावन पुढे जातं, 942 जाती. माळावर सावली पडली की उन्हातच जगणारी गवतं, कंद आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी आधी जातात.

प्रश्न : मग त्याच माळावर गवत जोमाने यावं म्हणून खत घातलं तर?

उत्तर : गवत वाढेल आणि जाती घटतील. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे 1856 पासून एकाच कुरणावर हा प्रयोग चालू आहे. खत न घातलेल्या भागात आजही चाळीसच्या आसपास जाती आहेत. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट घातलेल्या आणि चुना न दिलेल्या भागात दोन-तीनच उरल्या. खताने दोन-तीन उंच गवतं माजतात आणि बाकीच्यांना प्रकाश मिळत नाही. अमोनियम खताने माती आंबट होते ती वेगळीच. वैविध्य हवं तर बी पडून गेल्यावर 7 ते 10 सेंटिमीटर उंची राखून गवत कापा आणि कापलेलं उचलून न्या. तिथेच कुजू दिलं तर तेही खतच. सगळा माळ एका दिवशी कापू नका, एक तृतीयांश दरवर्षी आळीपाळीने सोडा.

प्रश्न : घाणेरी काढली की दुप्पट येते. काय चुकतं? आणि ती गेल्यावर मूळच्या वनस्पती आपोआप येतील का?

उत्तर : जमिनीच्या वरून कापता, तिथे चुकतं. घाणेरीचे फुटवे खोड आणि मूळ जुळतं त्या भागातून येतात. एकाच्या जागी दहा. जाळल्यावरही तेच होतं. माती बाजूला करून सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर, फुटवे येतात त्या भागाच्या खाली, कुदळीने तोडा. सबंध जाळी उचलून उलटी ठेवा, मुळं आकाशाकडे. जमिनीला टेकलेल्या फांद्या पुन्हा रुजतात, म्हणून उलटी ठेवणं महत्त्वाचं. फळं धरण्याआधी हे करा. नंतर निदान दोन-तीन वर्षं पक्ष्यांच्या बसण्याच्या जागांखाली उगवणारी रोपं उपटत राहावं लागतं. एकदम सगळं साफ करू नका. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाजरगवत किंवा दुसरं तण येतं आणि पावसात माती वाहून जाते. जितकं काढाल तितक्याच जागी त्याच हंगामात मूळच्या गवताचं बी पेरा.

मूळच्या वनस्पती येतील का, हे मातीलाच विचारता येतं. वरचा पालापाचोळा बाजूला करून 5 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती जागेवर विखुरलेल्या 20-30 ठिकाणांहून थोडी थोडी घ्या आणि मिसळा. पसरट ट्रेमध्ये भाजून गार केलेली वाळू अंथरा, तिच्यावर ही माती 1 सेंटिमीटर जाडीने पसरा, जाळीखाली ठेवून ओलसर राखा. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे ठेवा. त्यात काही उगवलं तर ते वाऱ्याने आलेलं आहे, हिशेबात धरू नका. उगवलेलं ओळखून, मोजून काढत जा, दीड-दोन महिन्यांनी माती हलवा आणि सहा महिने पाहा. माती जाड पसरली तर खालचं बी उजेडाअभावी निजून राहतं आणि बी नाहीच असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

काही बी आश्चर्यकारक काळ टिकतं. मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी 1879 साली 20 बाटल्यांत बी भरून पुरलं. 2021 मध्ये, 142 वर्षांनी, उकरलेल्या बाटलीतलंही काही बी रुजलं. पण ते तणासारख्या वनस्पतींचं होतं. वर्षावनातल्या बहुतेक मोठ्या झाडांचं बी मातीत काही आठवडेच जिवंत राहतं, त्यामुळे ट्रेमध्ये झाडं उगवली नाहीत तर ती बाहेरून आणून लावावीच लागतील.

प्रश्न : रानातून गोळा केलेलं बी डब्यात ठेवलं. वर्षभराने काहींचं एकही उगवलं नाही.

उत्तर : बियांचे ढोबळ दोन गट असतात. वाळवलेलं सोसणारं बी जितकं कोरडं आणि थंड, तितकं टिकतं. ओलावा 1 टक्क्याने किंवा तापमान 5 अंश सेल्सिअसने कमी केलं, की आयुष्य साधारण दुप्पट. असं बी सावलीत पातळ पसरून वाळवा, मग तेवढ्याच वजनाच्या सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवा, आणि मग थंड जागी हलवा. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत दव धरतं. दुसऱ्या गटातलं बी, जसं आंबा, फणस आणि वर्षावनातली अनेक झाडं, वाळलं की मरतं. ते ठेवायचंच नसतं, लगेच पेरायचं असतं. तुमच्या डब्यात बहुधा हे दोन्ही गट एकत्र होते.

न उगवलेलं प्रत्येक बी मेलेलंच असतं असंही नाही. दहा बिया चिरून पाहा. गर घट्ट आणि पांढरट असेल तर बी जिवंत असण्याची शक्यता आहे, पण निजलेलं. शिंबावंतांच्या कडक कवचाच्या बिया नाळेच्या (बी शेंगेला जोडलेलं असतं त्या जागेच्या) विरुद्ध बाजूने पॉलिश कागदावर घासा, किंवा उकळी थांबलेल्या पाण्यात टाकून रात्रभर त्यातच निवू द्या. चुलीवर उकळत ठेवलं तर गर्भ शिजतो.

प्रश्न : दगडफूल आणि मॉस यांची नोंद वनस्पतींत करावी का?

उत्तर : मॉसची करा. मॉस आणि त्यांचे जवळचे नातलग मिळून सुमारे 20 हजार जाती आहेत, आणि पाऊस शोषून हळूहळू सोडण्याचं त्यांचं काम मोठं आहे. दगडफूल ही वनस्पती नाही, बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे. पण त्याची वेगळ्या पानावर नोंद जरूर ठेवा. दगडफूल किती दाट आणि कुठल्या प्रकारचं आहे यावरून तिथल्या हवेचा चांगला अंदाज येतो. चौकट लहान घ्या, 20 × 20 सेंटिमीटर, आणि ती प्रत्येक झाडाच्या खोडावर एकाच दिशेला, एकाच उंचीवर लावा.